लॉगिन न करताच आत आलेला

एखादं लॉगिन सेशन संशयास्पद आहे की नाही, हे ठरवण्याचं काम मी करते. एका ऑनलाइन पेमेंट सेवेच्या फ्रॉड टीममध्ये आहे. लोक विचारतात, सॉफ्टवेअर असतं ना त्यासाठी, मग तुम्ही काय करता? सॉफ्टवेअर प्रत्येक सेशनला शून्य ते शंभरमधला एक स्कोअर देतं. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलेलं सेशन आमच्या रांगेत आणून टाकतं आणि शेजारी दोन-चार कारणं लिहितं: नवीन डिव्हाइस, अनोळखी नेटवर्क, अशक्य प्रवास. त्याचं काम इथे संपतं. त्या स्क्रीनसमोर खातेदार बसलाय की दुसरंच कोणी, हे त्याला कळत नाही. ते आम्ही शोधायचं असतं आणि लवकर शोधायचं असतं. चोर असेल तर तो आपल्यासाठी थांबत नाही आणि खातेदार असेल तर त्याचे पैसे उगाच अडकवून ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

रांगेतल्या बहुतेक अलर्टमध्ये वाईट काही नसतं. हिशेबच तसा आहे. समजा दहा हजार लॉगिनमध्ये एक चोराचं आहे आणि आपला नियम इतका चांगला आहे की शंभर प्रामाणिक लॉगिनमधल्या एकावरच तो चुकून बोट ठेवतो. तरी त्या एका चोराबरोबर शंभर निरपराध माणसं रांगेत येऊन उभी राहतात. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी आधी हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. तो डोक्यात बसला नाही तर माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर लाल रंग दिसला की खातं गोठवतो, नाहीतर कंटाळून सगळंच ‘ठीक आहे’ म्हणून निकालात काढायला लागतो.

सगळ्यात जास्त येतो तो अशक्य प्रवासाचा अलर्ट. एका शहरातून लॉगिन झालं, अकरा मिनिटांनी चौदाशे किलोमीटरवरच्या शहरातून दुसरं झालं. सॉफ्टवेअर भागाकार करून ताशी साडेसात हजार किलोमीटरच्या वर वेग काढतं. प्रवासी विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं, म्हणजे हे ऐकायला भयंकरच. पण आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, काढलेलं शहर म्हणजे माणूस बसलाय ती जागा नव्हे. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकेका सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून सुरू होणारा पत्त्यांचा एक पट्टाच राखून ठेवला गेला. कंपनीच्या ज्या गेटवेतून, म्हणजे दारातून, हे सगळे इंटरनेटवर बाहेर पडतात त्या गेटवेचं शहर आपल्याला दिसतं. माणूस वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला, की बसल्या जागी त्याचं शहर बदलतं. म्हणून अशा अलर्टवर मी आधी नकाशा उघडत नाही. डिव्हाइस तेच आहे का, त्यातली आपली कुकी, म्हणजे ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण, किती जुनी आहे, दुसरा पत्ता मोबाइल कंपनीचा की डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचा, एवढं बघते. तेच डिव्हाइस, जुनी कुकी, मोबाइल कंपनीचा पत्ता असेल तर केस बंद.

उलट काही अलर्ट बघताक्षणी कळतात आणि तिथे सॉफ्टवेअरला तोड नाही. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरून फुटलेली ईमेल-पासवर्डची यादी घेऊन कोणी आपल्या दारावर एकेक जोडी लावून बघत असतो. लोक एकच पासवर्ड अनेक ठिकाणी ठेवतात, त्यामुळे काही जोड्या लागतातही. एकाच डिव्हाइसवरून शेकडो खाती. पासवर्डच्या चौकटीत एकही कळ न दाबता मजकूर भरलेला. ग्राफिक कार्डाच्या जागी ‘स्विफ्टशेडर’, म्हणजे खरं कार्ड नाही, सॉफ्टवेअरनेच चित्र रंगवलेलं. बऱ्याचदा ब्राउझरनेच ‘वेबड्रायव्हर’ची खूण उभी करून आपल्याला एक प्रोग्रॅम चालवतोय असं सांगून टाकलेलं. डिव्हाइस आणि खाती जोडून दाखवणाऱ्या ग्राफवर मध्ये एक ठिपका आणि त्यातून चहूकडे निघालेल्या रेघा दिसतात. अशा वेळी फसलेल्या प्रयत्नांमध्ये वेळ घालवायचा नसतो. जिथे पासवर्ड बरोबर लागला ती मोजकी खाती वेगळी काढायची, त्यांचा पासवर्ड रद्द करायचा आणि खातेदारांना कळवायचं.

पण बॉट, म्हणजे माणसाच्या जागी चालणारा प्रोग्रॅम, ओळखण्याच्या याच नियमांमुळे एकदा फार वाईट घडत होतं आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका खात्याची सेशन पुन्हापुन्हा रांगेत यायची. कारण तेच: माउसची हालचाल शून्य, फॉर्म फक्त टॅबच्या कळीने भरलेला, एका चौकटीतून दुसरीत जाण्याचा वेग ठरावीक. स्कोअर देणाऱ्या मॉडेलच्या नजरेतून तो शंभर टक्के प्रोग्रॅम होता. दर वेळी खातं काही तास अडकायचं. मी लॉग, म्हणजे सेशनमधल्या प्रत्येक हालचालीची नोंद, नीट वाचला. टाइप करताना मधूनच बॅकस्पेस होता, एकदा रक्कम लिहून पुसून परत लिहिली होती, आणि प्रत्येक पानावर टॅब एकेका लिंकवर, बटणावर थांबत थांबत पुढे जात होता. प्रोग्रॅम असं थांबत नाही. खातेदार स्क्रीन रीडर वापरत होते, त्यांना दिसत नव्हतं. पानावरचा मजकूर ऐकून ते स्वतःचं बिल भरत होते आणि आम्ही त्यांना यंत्र ठरवून दाराबाहेर उभं करत होतो. त्यानंतर मी हट्टच धरला, की माउस हलला नाही एवढ्यावरून कोणाचंही सेशन अडवायचं नाही. तो नियम बदलून घ्यायला बऱ्याच बैठका लागल्या. बदलला याचं मला आजही समाधान आहे.

आता मुख्य केस. अलर्ट साधा होता. स्कोअर मर्यादेच्या जेमतेम वर, आणि कारण एकच: सेशन चालू असताना नेटवर्क बदललं. शहर तेच, म्हणजे अशक्य प्रवास नाही. पत्ता घरगुती ब्रॉडबँडचा, म्हणजे डेटा सेंटरही नाही. डिव्हाइसच्या रकान्यात ‘बहुतांश जुळतं’ असं हिरव्या अक्षरांत. दिवसभरात असे कितीतरी येतात. माणूस घरून ऑफिसला जातो, शेजाऱ्याचं वायफाय घेतो.

माझी सवय अशी, की गोषवारा वाचून झाला तरी घटनांचा मूळ लॉग उघडायचाच आणि तो तळापासून वर वाचायचा, म्हणजे घडलं त्या क्रमाने. वेळा सगळ्या यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्या खातेदाराच्या घड्याळात बदलून घ्यायच्या. मी लॉगिनची ओळ शोधत होते, कारण तिथून सगळं सुरू होतं: पासवर्ड टाकला की चिकटवला, ओटीपी किती वेळात आला, किती प्रयत्न झाले. ती ओळ सापडेना. नव्या नेटवर्कवरून आलेली पहिलीच विनंती थेट खात्याच्या आतल्या पानाची होती. लॉगिन झालं होतं ते काही दिवसांपूर्वी, जुन्या नेटवर्कवरून, ‘मला लक्षात ठेवा’ वर खूण करून. त्याच सेशनचा क्रमांक घेऊन आता दुसऱ्या नेटवर्कवरून कोणी तरी आत फिरत होतं. त्याला पासवर्ड लागला नव्हता, ओटीपीही लागला नव्हता.

हे कसं होतं ते थोडं सांगते. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला स्वतःची स्मरणशक्ती नाही. तुम्ही दर वेळी क्लिक केलं की सर्व्हरसाठी तुम्ही नव्याने आलेले असता. म्हणून १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी वेबसाठी कुकी आणली. एकदा ओळख पटली, की सर्व्हर ब्राउझरला कुकीमधून एक लांबलचक अक्षरमाला देतो आणि पुढे ती दाखवली की आत सोडतो. सामान ठेवून घेणाऱ्या खिडकीवर बिल्ला देतात तसंच हे: बिल्ला दाखवेल त्याच्या हातात सामान. बिल्ला कोणाला दिला होता ते कोणी विचारत नाही. ओटीपी, पासवर्ड, बोटाचा ठसा हे सगळे पहारे बिल्ला मिळण्याआधीचे. तो कोणी उचलला तर आत यायला एकही पहारा आडवा येत नाही.

पण माणसाचं नेटवर्क खरोखर बदललंही असेल. म्हणून मी डिव्हाइसकडे वळले. ब्राउझरची भाषा, टाइम झोन, फॉन्ट, स्क्रीनचं माप, ग्राफिक कार्ड असे तपशील एकत्र केले की त्या डिव्हाइसचं फिंगरप्रिंट तयार होतं. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने केलेल्या अभ्यासात तपासलेल्या ब्राउझरपैकी ८३.६ टक्के त्या नमुन्यात एकमेव ठरले होते. आज एकाच मॉडेलचे फोन एकमेकांसारखेच दिसतात, त्यामुळे फोनवर ही खूण तेवढी उपयोगी पडत नाही, पण लॅपटॉपवर अजून बरीच चालते. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक तपशील ताडून बघतं आणि किती जुळले त्यावरून निकाल देतं. इथे जवळजवळ सगळे जुळले होते, म्हणून हिरवी अक्षरं.

मी दोन्ही बाजूंचे तपशील शेजारी-शेजारी लावले आणि एकेक ओळ वाचत गेले. भाषा तीच. टाइम झोन तोच. ग्राफिक कार्ड तेच. स्क्रीन १५३६ बाय ८६४, दोन्हीकडे तीच. त्याखाली एक छोटीशी ओळ असते, पिक्सेल गुणोत्तराची: ब्राउझर सांगतो त्या मापाच्या किती पट खरे पिक्सेल स्क्रीनवर आहेत. जुन्या नेटवर्कवर ती १.२५ होती. नव्या नेटवर्कवर १.

१५३६ बाय ८६४ आकाराची खरी स्क्रीन मी तरी कुठे पाहिलेली नाही. हा आकडा दिसतो तो १९२० बाय १०८०च्या लॅपटॉपवर अक्षरं १२५ टक्के मोठी ठेवली की. १५३६ला १.२५ने गुणा, १९२० येतात. ८६४ला गुणा, १०८०. म्हणजे १५३६ आणि १.२५ ही जोडी खरी, आणि १५३६ आणि १ ही जोडी बहुधा कोणीतरी बसवलेली. ज्याने खातेदाराचं फिंगरप्रिंट अंगावर चढवलं होतं त्याने रुंदी उचलली, उंची उचलली आणि गुणोत्तर तसंच सोडून दिलं. तीस-चाळीस तपशिलांत एक चुकला, म्हणून सॉफ्टवेअरला ते ‘बहुतांश जुळतं’ वाटलं. पण हा एकच तपशील बाकीच्या सगळ्यांवर शंका घ्यायला लावणारा होता.

तरी लगेच निष्कर्षावर उडी मारायची नाही, खातेदाराच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते आधी म्हणून बघायचं. बाहेरचा मॉनिटर जोडला असेल? मग रुंदीही बहुधा बदलली असती. ब्राउझरमध्ये झूम कमी केलं असेल? हा प्रश्न मला खरा वाटला, कारण १.२५ वर ८० टक्के झूम केलं तर गुणोत्तर बरोबर १ होतं. चाचणीसाठी ठेवलेल्या लॅपटॉपवर मी तेच करून पाहिलं. स्क्रीनची रुंदी १५३६च राहिली आणि गुणोत्तर १ झालं, हुबेहूब संशयित सेशनसारखं. क्षणभर वाटलं, संपलं, माणूस निर्दोष आहे. पण झूम कमी केलं की पानाला जागा जास्त मिळते, म्हणून विंडोची आतली रुंदी वाढून १९२० झाली होती. संशयित सेशनमध्ये आतली रुंदी १५३६च होती. झूम केलेलंच नव्हतं.

मग मी तो आत काय करत होता ते वाचलं. खातेदाराची सवय आधीच्या सेशनवरून स्वच्छ दिसत होती: आत यायचं, थेट बिल भरायच्या पानावर जायचं, भरायचं, बाहेर. हा आलेला माणूस सगळ्यात आधी सूचनांच्या सेटिंगमध्ये गेला आणि ईमेलने येणाऱ्या सूचना बंद केल्या. नंतर व्यवहाराची मर्यादा बघितली. मग जोडलेली बँक खाती. मग नवीन लाभार्थी जोडायचा फॉर्म उघडला, तिथे ओटीपी मागितल्यावर परत फिरला. पाऊण तासाने पुन्हा आला, फक्त शिल्लक बघितली आणि गेला.

टीममधल्या माझ्या वरिष्ठ मैत्रिणीला मी स्क्रीन दाखवली. तिने क्रम वाचला आणि म्हणाली, “अगं, हा टेहळणी करतोय. पैसे यायची वाट बघतोय, नाहीतर ओटीपी काढून घ्यायची सोय करतोय. आधी सेशन तोड, मग फोन कर.”

आम्ही त्या खात्याची सगळी सेशन रद्द केली. खातेदाराच्या फोनवरचं अ‍ॅपसुद्धा बाहेर पडलं, त्याला इलाज नव्हता. नवीन लाभार्थी जोडणं काही काळ थांबवलं, सूचना पुन्हा चालू केल्या. नुसता पासवर्ड बदलायला सांगून भागलं नसतं, कारण कित्येक प्रणालींत पासवर्ड बदलला तरी आधी दिलेली टोकन, म्हणजे तेच बिल्ले, मुदत संपेपर्यंत चालत राहतात. चोराकडे टोकन होतं, पासवर्डशी त्याला देणंघेणं नव्हतं.

फोन करणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे. आपण अनोळखी नंबरवरून फोन करून म्हणायचं, की तुमच्या खात्यात कोणीतरी शिरलंय. भामटेसुद्धा शब्दन् शब्द हेच म्हणतात. खातेदार वयाने मोठे वाटले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, “कशावरून तुम्हीच त्यातल्या नाही?”

“अगदी बरोबर विचारलंत,” मी म्हटलं. “माझ्यावर विश्वास ठेवू नका. हा फोन ठेवा, तुमच्या अ‍ॅपमध्ये मदतीचा नंबर आहे तो तुम्ही स्वतः लावा आणि हा केस क्रमांक सांगा, ते मला जोडून देतील. ओटीपी किंवा पासवर्ड मी मागणार नाही. दुसऱ्या कोणी मागितला तरी देऊ नका.”

फोन ठेवला गेला. थोड्या वेळाने आतल्या लाइनवरून तेच बोलत होते, आवाज बदललेला. “बोला ताई.”

मी विचारलं, आज खातं कुठून कुठून उघडलं? आज उघडलंच नाही म्हणाले. सूचना बंद केल्या होत्या? नाही. लॅपटॉप कोण कोण वापरतं? “मी आणि मुलगा.” अलीकडे त्यावर काही नवीन टाकलं का? फोन बाजूला धरून त्यांनी मुलाला हाक मारली. व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर त्याला कुठेतरी फुकट मिळालं होतं. ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करा असं लिहिलेलं होतं आणि त्याने तो बंद केला होता. टाकल्यावर ते चाललंच नाही, म्हणून सगळे विसरून गेले.

ते चालणार नव्हतंच. अशा फुकट पॅकेजमधून येणारा माहितीचोर प्रोग्रॅम काही सेकंदांत काम उरकतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी, फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती आणि लॅपटॉपचे तपशील गोळा करून पाठवून देतो. बऱ्याच वेळा त्यानंतर स्वतःला पुसूनही टाकतो, त्यामुळे मागाहून स्कॅन केलं तर काही सापडत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. असा माल विकण्याचे बाजार असतात. जेनेसिस मार्केट नावाच्या बाजारात चोरलेल्या कुकीबरोबर त्या माणसाच्या ब्राउझरचं फिंगरप्रिंटही विकायला असायचं आणि ते अंगावर चढवण्यासाठी खास ब्राउझरही मिळायचा. एप्रिल २०२३ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून तो बाजार बंद पाडला, ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडलाइन नावाच्या माहितीचोराच्या यंत्रणेवर कारवाई झाली. धंदा मात्र चालूच आहे. घरातल्या घरात निरपराधपणे केलेल्या एका इन्स्टॉलनंतर त्या घराची डिजिटल ओळखच कोणाच्या तरी दुकानात मांडली जाते, याची मला मनापासून चीड येते.

“मग आत्ताच पासवर्ड बदलतो, लॅपटॉप समोरच आहे,” खातेदार म्हणाले.

“त्यावरून नको,” मी त्यांना घाईने थांबवलं. तो प्रोग्रॅम अजून आत असेल तर नवा पासवर्डही त्याच वाटेने गेला असता. फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला असं सांगितलं, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड परत मिळवायचा रस्ता ईमेलमधून जातो. तिथे ‘सर्व डिव्हाइसवरून बाहेर पडा’ हे बटण शोधायला लावलं. त्यानंतर आमचं खातं, मग ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेलं बाकीचं सगळं. लॅपटॉप पूर्ण पुसून नव्याने सिस्टिम टाकल्याशिवाय त्यावरून पैशाचं काही करू नका, हे दोनदा सांगितलं. मुलावर रागवू नका हेही सांगितलं. ते माझ्या कामात बसत नाही, पण मागून त्या मुलाचा रडवेला आवाज येत होता. आणि त्याने खरं सांगितलं म्हणून आम्हाला वाट सापडली होती.

पैसे गेले नव्हते. इथे केस बंद करता आली असती. पण ज्याने हा माल घेतला होता त्याने एकच घेतला असेल असं मानायला जागा नव्हती. अशी माहिती विकली जाते ती गठ्ठ्याने. मग मी सॉफ्टवेअरच्या शोधामध्ये उलट्या दिशेने गेले. नेटवर्कवरून शोधण्यात अर्थ नव्हता, कारण तो प्रत्येक खात्यासाठी त्याच शहरातला घरगुती पत्ता भाड्याने घेत असणार. असे प्रॉक्सी, म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्याआडून जायच्या वाटा, सहज मिळतात, आणि अशक्य प्रवासाचा अलर्ट त्यामुळेच वाजला नव्हता. म्हणून मी त्याची चूक शोधली. चालू सेशनमध्ये नेटवर्क बदललंय, त्याच क्षणी पिक्सेल गुणोत्तरही बदललंय पण स्क्रीनचं माप नाही, विंडोची रुंदी झूम दाखवत नाही, आणि आत आल्यावर पहिलं पान सूचनांच्या सेटिंगचं. वेगवेगळ्या शहरांतली, एकमेकांशी कसलाही संबंध नसलेली मोजकी खाती वर आली. पानांचा क्रम जवळजवळ सारखा होता, दोन क्लिकमधला वेळसुद्धा. एकाही सेशनचा स्कोअर डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. काही तर मर्यादेच्या खाली राहिल्यामुळे रांगेत आलेच नव्हते, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

शोधातून नेटवर्कची आणि सूचनांच्या पानाची अट काढून मी जाळं मोठं केलं, तेव्हा न जुळणाऱ्या मापांचं आणखी एक खातं आलं. ते मात्र निर्दोष निघालं. फायरफॉक्समध्ये फिंगरप्रिंटला विरोध करणारी एक सेटिंग असते. ती चालू केली की ब्राउझर मुद्दामच खोटी मापं सांगतो, आणि स्वतःची माहिती जपण्याचा तो प्रत्येकाचा हक्क आहे. त्या खातेदाराची मापं पहिल्या दिवसापासून तशीच विचित्र होती, सेशनच्या मध्येच बदललेली नव्हती. आमच्या नियमात हे नीट उतरणं गरजेचं होतं. माप विचित्र आहे एवढ्यावर कोणाला हात लावायचा नाही. एकाच सेशनच्या पोटात ते बदललं असेल तरच विचारपूस.

नियम लिहिल्यावर तो आधी शॅडो मोडमध्ये ठेवला, म्हणजे तो फक्त बघतो आणि नोंद करतो, कोणाला अडवत नाही. त्याने बोट ठेवलेली सेशन रोज हाताने तपासली. त्यात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणारे सापडले: गुणोत्तर बदलतं, पण स्क्रीनचं मापही बदलतं, म्हणून सुटतात. मग नियम चालू केला. तेव्हाही तो कोणाचं खातं गोठवत नाही, फक्त पुन्हा एकदा ओळख पटवून घेतो. खातेदार असेल तर त्याला काही सेकंद जास्त लागतील. चोरलेली कुकी घेऊन आलेल्याकडे खातेदाराच्या फोनवर येणारा ओटीपी सहसा नसतो. कुकी त्या विशिष्ट डिव्हाइसमधल्या किल्लीशीच बांधून टाकायची, म्हणजे उचलून नेली तरी दुसरीकडे चालणार नाही, असा प्रस्ताव गूगलने २०२४ मध्ये मांडला आहे. तो सगळीकडे आला तर या जातीची चोरी पुष्कळ अवघड होईल आणि मला त्याच्याकडून फार आशा आहे.

तोवर क्रम वाचत राहणं हाताशी आहे. आणि क्रमही नेहमी चोराचा नसतो. काही केसमध्ये डिव्हाइस खातेदाराचं, नेटवर्क घरचं, ओटीपी त्यानेच टाकलेला असतो आणि फोनवर पलीकडून कोणी तरी ‘आता हे बटण दाबा’ म्हणून सांगत असतं. तिथे स्कोअर तळाला असतो. दिसतं ते एवढंच, की एरवी सरसर बिल भरणारा माणूस आज प्रत्येक पानावर थबकतोय, माउस जागच्या जागी घुटमळतोय आणि रक्कम कोणी सांगितल्यासारखी एकेक आकड्याने टाइप होतेय. त्या सेशनला नुसता अडथळा घालून उपयोग नसतो, माणसाला थांबवून बोलावं लागतं.

सापडलेल्या खातेदारांपैकी एक सोडून सगळ्यांशी बोलणं झालं आणि प्रत्येकाच्या घरी फुकट सॉफ्टवेअर किंवा फुकट गेम निघाला. एकाशी संपर्क होऊ शकला नाही. फोन बंद, ईमेलला उत्तर नाही. सेशन रद्द केलेलं आहे, पैसे जागेवर आहेत, त्यानंतर कोणी आत आलेलं नाही. केस बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं: फ्रॉड, फ्रॉड नाही, की अनिर्णित? बाकीच्या खात्यांशी इतकं जुळत असताना ‘फ्रॉड’ लिहून टाकावं असं मला सुचवलं गेलं, कारण अनिर्णित केस अहवालात चांगल्या दिसत नाहीत. पण मॉडेल याच उत्तरांवर शिकतं. माणसाने होकार दिलेला नसताना मी ‘फ्रॉड’ लिहिलं, तर उद्या तशाच सवयीचा कोणी प्रामाणिक माणूस त्याचं मोल चुकवेल. मी ‘अनिर्णित’ लिहिलं, दोन्ही सेशनचे तपशील शेजारी-शेजारी जोडले, झूमची चाचणी कशी केली ते नोंदवलं, आणि खातेदाराने पुढचं लॉगिन केलं की केस पुन्हा माझ्याकडे यावी अशी खूण घातली.